दक्षिण युरोपातले देश एकत्र येऊन युरोपची धोरणं खरंच बदलतात का, की नुसते फोटो?

सांजवारा:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, विषय रुक्ष वाटला तर सांभाळून घ्या.

मी सध्या शिकायला बोलोन्यात आहे, घरात चौघी, एक इथलीच, एक ग्रीसमधल्या थेसालोनिकीची, एक फिनलंडची आणि मी. परवा रात्री भांडी घासायची पाळी कुणाची यावरून सुरू झालेलं भांडण अर्ध्या तासात युरोपियन युनियनच्या बजेटवर कसं पोचलं ते मलाही नीट आठवत नाही, पण पोचलं. ग्रीकवाली म्हणत होती की दक्षिणेचे देश आता पूर्वीसारखे गप्प बसत नाहीत, त्यांचा नऊ जणांचा गट आहे, मेड नाइन म्हणतात, आणि ब्रसेल्सला त्यांचं ऐकावं लागतं. फिनलंडवाली म्हणाली कसला गट न कसलं काय, समुद्रकाठच्या एखाद्या सुंदर गावात जमतात, फोटो काढतात, लांबलचक निवेदन काढतात आणि घरी जातात. इथली जी आहे ती दोघींवर वैतागून झोपायला गेली.

नंतर मी थोडं शोधलं. २०१३ च्या डिसेंबरात सायप्रस आणि स्पेनच्या पुढाकाराने परराष्ट्रमंत्र्यांच्या पातळीवर सुरुवात झाली, मग सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रीसचा तेव्हाचा पंतप्रधान सिप्रासने अथेन्सला पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांची पहिली परिषद भरवली. तेव्हा सात देश होते, फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, माल्टा, सायप्रस. २०२१ पासून स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया पण आले. त्यानंतर आलिकांते, माल्टा, पाफोस अशा परिषदा होत गेल्या. समुद्रकाठ तर खरंच प्रत्येक वेळी आहे हो!

तर प्रश्न असा की या गटामुळे एखादा नियम, एखादा पैशाचा निर्णय बदलला असं बोट ठेवून दाखवता येतं का? की फिनलंडवालीचं बरोबर आहे? इथे युरोपात राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. (गृहपाठ नाहीये, शप्पथ.)

---

आकडेमोड्या:

स्वागत. पहिलाच धागा आणि थेट भांड्यांवरून बजेट, आवडलं.

मी फक्त आकडे सांगतो कारण त्याशिवाय ही चर्चा हवेत राहते. युनियनच्या मंत्रिपरिषदेत (सदस्य देशांच्या मंत्र्यांची कौन्सिल) बहुतेक कायदे ज्या पद्धतीने पास होतात तिथे दोन अटी असतात, २७ पैकी किमान १५ देश हवेत आणि त्या देशांत मिळून युनियनची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. आणि अडवायचं असेल तर किमान चार देश आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या. आता फ्रान्स, इटली, स्पेन या तिघांचेच मिळून जवळपास ३९ टक्के होतात, त्यात माल्टा जरी चौथा घेतला (साडेपाच-पावणेसहा लाखांचा देश!) तरी काम झालं, कुठलाही कायदा अडकवता येतो. नऊच्या नऊ धरले तर सुमारे ४५ टक्के.

म्हणजे अडवायला हा गट राक्षस आहे. पण पास करायला? नऊ देश अधिक जर्मनी घ्या, तरी ६४ टक्क्यांच्या आसपासच पोचतो आणि देश होतात दहा. अजून पाच देश शोधा. म्हणजे जर्मनी फुटला तरी पुरत नाही, जर्मनीसकट आणखी पाच छोटे पटवावे लागतात. यातच अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं.

आणि हे झालं साध्या कायद्यांचं. सात वर्षांचं बजेट, कर, परराष्ट्र धोरण इथे एकमत लागतं, तिथे लोकसंख्येचा काही उपयोग नाही, एक जण नाही म्हणाला की संपलं.

---

लिस्बनकर:

सांजवारा, बोट ठेवून दाखवता येतं, पण ज्यावर बोट ठेवाल तिथे मेड नाइनचा शिक्का सापडणार नाही, ही गंमत आहे.

दोन उदाहरणं देतो, पहिलं थोडं लांबेल. मार्च २०२०, कोविड नुकता आलेला, इटली बंद, स्पेन बंद. २५ मार्चला नऊ देशांच्या नेत्यांनी युरोपियन कौन्सिलचे (देशांच्या प्रमुखांच्या बैठकीचे) तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स मिशेलना पत्र लिहिलं की सगळ्यांनी मिळून सामाईक कर्ज काढू या, म्हणजे ज्याला तेव्हा कोरोनाबाँड म्हणत होते. आता बघा हे नऊ कोण. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, स्लोव्हेनिया हे सहा तुमच्या गटातले (स्लोव्हेनिया तेव्हा गटात यायचा होता), आणि बाकीचे तीन आयर्लंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग! माल्टा-सायप्रस सही करणाऱ्यांत नाहीत. हे मुद्दाम केलेलं होतं की सहज झालं ते मी सांगू शकत नाही, पण परिणाम असा झाला की "हे दक्षिणवाले पुन्हा पैसे मागायला आले" असं म्हणायची सोय राहिली नाही, कारण लक्झेंबर्गला कोण भिकारी म्हणणार?

त्याच आठवड्यात डच अर्थमंत्री हूकस्ट्रा यांनी सुचवलं की काही देशांकडे संकटासाठी पैसे शिल्लक का नाहीत याची युरोपियन कमिशनने (युनियनचा कारभार चालवणारी संस्था) चौकशी करावी, आणि आमचे कोस्ता (तेव्हा पोर्तुगालचे पंतप्रधान, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष) जाहीरपणे म्हणाले की हे बोलणं किळसवाणं आहे. मी तेव्हा इथे नवीन होतो, पोर्तुगीज धड येत नव्हतं पण तो एक शब्द ऑफिसात दिवसभर ऐकला. एरवी इथली माणसं राजकारणावर खांदे उडवतात, त्या दिवशी नाही उडवले.

तरीसुद्धा पत्राने काम झालं नाही हे लक्षात घ्या. काम झालं १८ मे ला, जेव्हा मर्केल मॅक्रॉनच्या बाजूला येऊन ५०० अब्ज युरोच्या अनुदानाला तयार झाल्या. मग १७ ते २१ जुलै चार दिवस-रात्र घासाघीस, आणि शेवटी ७५० अब्ज, त्यात ३९० अनुदान, ३६० कर्ज. सर्वात मोठा वाटा इटली आणि स्पेनला. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वीडन हे जे चार काटकसरी म्हणवून घेत होते त्यांनी अनुदान ५०० चं ३९० करून घेतलं आणि वर स्वतःच्या वर्गणीत सूट पण वाढवून घेतली. आकडेमोड्या म्हणतात तसं, चौघांची लोकसंख्या जेमतेम १० टक्के, पण एकमत हवं तिथे १० टक्के पुरतात.

दुसरं उदाहरण छोटं आहे पण मला जास्त आवडतं. २०२२ मध्ये गॅस महागला आणि गॅसमुळे वीज महागली, कारण युरोपच्या वीजबाजारात सगळ्यात महाग प्रकल्पाचा भाव सगळ्यांना लागतो. स्पेन-पोर्तुगालने सांगितलं की आमची उरलेल्या युरोपशी वीजजोडणी आमच्या क्षमतेच्या ३ टक्क्यांपेक्षा कमी आहे, आम्ही जवळपास बेट आहोत, मग बाजाराचे सगळे नियम आम्हाला तसेच्या तसे का? आणि कमिशनने मान्य केलं! १५ जून २०२२ पासून वीज बनवायला वापरल्या जाणाऱ्या गॅसच्या भावाला मर्यादा, पहिले सहा महिने मेगावॉट-तासाला ४० युरो, पुढे हळूहळू वाढवत नेली. त्याला इबेरियन अपवाद म्हणतात. ही योजना २०२३ अखेरपर्यंत चालली. त्याआधी मार्चमध्ये इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान द्रागी, स्पेनचे सांचेझ आणि कोस्ता रोमला भेटले होते, ग्रीसचे मित्सोताकिस व्हिडिओवरून सामील झाले, पण पदरात पडलं ते स्पेन-पोर्तुगाल दोघांच्याच, कारण बेट असल्याचा मुद्दा फक्त त्यांचा होता.

अवांतर: त्या स्वस्त विजेचा फायदा पिरेनीजपलीकडे फ्रान्सनेही घेतला, खेचून नेली भरपूर. आणि जोडणी वाढवायला इतकी वर्षं फारसा उत्साह कुणाचा नव्हता तर फ्रान्सचाच. मेड नाइनचा सगळ्यात मोठा सदस्य बरं का. स्पेनमधून फ्रान्सला जाणाऱ्या गॅसच्या मिडकॅट पाइपलाइनला मॅक्रॉननी २०२२ मध्ये साफ नकार दिला, मग तडजोड म्हणून बार्सिलोना ते मार्से समुद्राखालून हायड्रोजनची पाइपलाइन ठरली आणि तिची घोषणा आलिकांतेच्या परिषदेच्या दिवशी केली. फोटो छान आला होता.

---

गप्पिष्ट:

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन.

---

ट्युलिपवाली:

मी उत्रेख्तला राहते, तेव्हा उत्तरेची बाजू मांडायची जबाबदारी माझ्यावर आली असं समजते, चपला मारू नका.

लिस्बनकर, तुम्ही जे सांगितलंत ते बरोबर आहे पण इथे ते वेगळं ऐकू येतं. इथले सहकारी वाईट नाहीत हो, पण ३० वर्षांच्या घरकर्जाचे हप्ते मोजणारी माणसं आहेत आणि त्यांच्या डोक्यात एवढंच बसलंय की आम्ही उशिरा रिटायर होतो आणि ते लवकर. ते कितपत खरं हा भाग वेगळा. २०१७ च्या मार्चमध्ये डच अर्थमंत्री डायसेलब्लूम, युरोग्रुपचे (युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे) अध्यक्ष असताना, बोलून गेले की दारू आणि बायकांवर पैसे उडवून मग मदत मागता येत नाही. दक्षिणेत आगडोंब उसळला, कोस्तांनी तेव्हाही राजीनामा मागितला होता. इथे अर्धे लोक म्हणत होते की बोलायला नको होतं आणि अर्धे म्हणत होते की अशा शब्दांत बोलायला नको होतं. फरक कळला ना?

पण माझा मुद्दा दुसराच आहे. दक्षिण म्हणून जे काही आहे ते आतून कधीच एकसंध नव्हतं. २०१५ ला ग्रीसचं नवं सरकार युरोग्रुपमध्ये कर्जाच्या अटी सैल करा म्हणून मागे लागलं होतं तेव्हा सर्वात कडक कोण होतं? जर्मनी आणि आम्ही होतोच, पण स्पेन आणि पोर्तुगालही होते. तिथले तेव्हाचे पंतप्रधान राहोय आणि पासुश कुएल्यु दोघांनी आपापल्या देशात काटकसर रेटलेली, निवडणुका तोंडावर, ग्रीसला सूट मिळाली तर घरी विचारणार की मग आम्हीच का सोसलं, आणि स्पेनमध्ये काटकसरीविरुद्ध उभा राहिलेला पोडेमोस पक्ष दार ठोठावत होता. सिप्रास तर जाहीर म्हणाले होते की माद्रिद आणि लिस्बन आमच्या विरुद्ध उभे आहेत. तिथेच पुढच्या वर्षी सिप्रासनी सगळ्यांना अथेन्सला जेवायला बोलावलं, याला मी तरी राजकारणातला मोठेपणा म्हणेन, किंवा गरज.

आणि उलट बाजूने बघा. २०२२ च्या एप्रिलमध्ये तुटीच्या नियमांवर (तेच ते, सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्के आणि कर्ज ६० टक्के) सगळ्यात जास्त गाजलेला प्रस्ताव कुणाचा होता? स्पेन आणि नेदरलँड्सचा एकत्र! प्रत्येक देशाला त्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे कर्ज कमी करायचा वेग द्या, असा. इथल्या पेपरात तो दिवस बघण्यासारखा होता, लोकांना कळेना की कुणावर चिडायचं. २०२४ ला नियम बदलले ते पुष्कळसे त्याच दिशेने बदलले.

---

सांजवारा:

बापरे, एवढे सविस्तर प्रतिसाद, आभार सगळ्यांचे. म्हणजे मला जे समजतंय ते असं की दक्षिणेचे नऊ एकत्र येतात तेव्हा काही हलत नाही, आणि दोघंतिघं बाहेरच्या एखाद्याला फोडतात तेव्हा हलतं? मग तो गट कशाला हवा? आणि स्थलांतराचं काय, तिथे तर सगळ्यांचं दुखणं एकच असणार ना? माझ्या ग्रीक मैत्रिणीचं सगळं बोलणं तिथेच येऊन थांबतं.

---

खवट:

दुखणं एक, पण प्रत्येकाचं औषध वेगळं.

डब्लिनचा नियम असा की माणूस युरोपात सर्वसाधारणपणे जिथे पहिलं पाऊल ठेवतो त्या देशाने त्याचा आश्रयाचा अर्ज बघायचा. म्हणजे लाम्पेदुसा, लेसबॉस, कॅनरी बेटं. म्हणून इटली, ग्रीस, स्पेन, माल्टा, सायप्रस यांच्या गृहमंत्र्यांचा वेगळा मेड फाइव्ह गट आहे. फ्रान्स त्यात नाही, कारण फ्रान्सची तक्रार उलटी आहे की इटलीत उतरलेले लोक आमच्याकडे येतात. नोव्हेंबर २०२२ आठवतोय? ओशन व्हायकिंग नावाच्या बचाव जहाजाला इटलीने बंदर दिलं नाही, शेवटी ते फ्रान्सने तुलाँला घेतलं आणि पॅरिस-रोममध्ये अशी जुंपली की विचारू नका. एकाच गटातले दोन मोठे भाऊ.

आता यश बघा. २०१५ च्या सप्टेंबरात दक्षिणेने चक्क मतदान जिंकलं. इटली-ग्रीसमधल्या लोकांना बाकी देशांत वाटून घ्यायचा निर्णय, हंगेरी, चेकिया, स्लोव्हाकिया, रोमेनिया विरोधात, बाकीच्यांनी रेटून पास केला. दोन निर्णय मिळून १,६०,००० चं उद्दिष्ट. प्रत्यक्षात हलवले गेले ३५,००० च्या आसपास. जिंकूनही हरले. आकडेमोड्याचं गणित बरोबर आहे रे बाबा, पण ज्याला घ्यायचं नाही तो मतदानाने घेत नसतो.

त्यातून शहाणे होऊन २०२४ चा नवा करार आला. पहिलं पाऊल जिथे तिथेच जबाबदारी, हे तत्त्व राहिलं. बदल्यात बाकीच्यांनी मदत करायची सक्ती, पण कशी ते त्यांनी ठरवायचं: माणसं घ्या, नाहीतर दर माणशी २०,००० युरो द्या, नाहीतर दुसरी काही मदत द्या. दक्षिणेला हवं होतं माणसं वाटून घेणं, मिळाला चेक. ही तडजोड चांगली की वाईट ते ज्याचं त्याने ठरवावं, मला विचाराल तर सौदा वाईट झाला.

आणि २०२५ च्या मे मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालय स्थलांतराच्या बाबतीत फार ताणतंय असं नऊ देशांनी जाहीर पत्र लिहिलं. पुढाकार इटली आणि डेन्मार्कचा! बाकीचे ऑस्ट्रिया, बेल्जियम, पोलंड, चेकिया आणि तीन बाल्टिक देश. भूमध्य समुद्राला लागून असलेला एकटा इटली. स्पेन तर अगदी उलट्या दिशेने चाललाय.

तुर्कस्तानचं तेच. सायप्रस आणि ग्रीसला निर्बंध हवे असतात, इटली-स्पेनला तुर्कस्तानशी व्यापार हवा असतो. पॅलेस्टाइनला मान्यता, स्पेन, स्लोव्हेनिया, फ्रान्स, पोर्तुगाल, माल्टा एकेक करत गेले, सायप्रसने कधीचीच दिलेली, इटली-ग्रीस-क्रोएशिया थांबले. अशा नऊ जणांनी एका कागदावर सही करायची म्हटल्यावर त्या कागदात काय उरणार? शांतता हवी, हवामान बदल वाईट, समुद्र सुंदर.

आणि शेवटचं म्हणजे न्यूट्री-स्कोअर. खाण्याचा पदार्थ किती पौष्टिक ते सांगायला पाकिटावर ए (सर्वात चांगलं) ते ई अक्षरं लावणारी ही पद्धत फ्रान्सने २०१७ ला काढली. इटलीने तिच्याविरुद्ध युद्धच पुकारलं, कारण ऑलिव्ह तेलाला सी मिळत होता. ऑलिव्ह तेलाला! संपूर्ण युनियनमध्ये ती सक्तीची होता होता राहिली त्यात इटलीचा मोठा हात आहे. दक्षिणेचा हा विजय म्हणायचा की दक्षिणेचा पराभव, सांगा.

---

लिस्बनकर:

खवटकाका, हवामान बदल वाईट म्हणून हसू नका हो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिसिलीत ४८.८ अंश नोंदले गेले, युरोप खंडाचा विक्रम, त्याच महिन्यात ग्रीसचं एव्हिया बेट जळत होतं, आणि पुढच्या महिन्यात अथेन्सला नऊ जणांनी हवामानावर वेगळा जाहीरनामा काढला. वणव्यांच्या बाबतीत हे देश खरोखर एकमेकांकडे विमानं पाठवतात, युनियनचा रेसईयू नावाचा सामाईक ताफा २०१९ पासून आहे, त्यात यांची विमानं आहेत. इथे २०१७ ला पेद्रोगाओ ग्रांदचा वणवा झाला, ६० च्या वर माणसं गेली, बरेचसे गाड्यांमध्ये, रस्त्यावरच. त्या उन्हाळ्याबद्दल अजूनही कुणी सहज बोलत नाही. असा ताफा पाहिजे हा विचार पुढे रेटला गेला त्यात त्या वर्षाचा वाटा होता.

तर सांजवारा, गट कशाला हवा, तर माझ्या मते यासाठी. व्हिशेग्रादवाल्यांसारखा (पोलंड, हंगेरी, चेकिया, स्लोव्हाकिया) त्यांचा निधी नाही, गटाला सचिवालय नाही, कार्यालय नाही, दरवर्षी कुणीतरी यजमान होतं एवढंच. पण सांचेझ, मित्सोताकिस आणि मेलोनी, म्हणजे स्पेनचा समाजवादी, ग्रीसचा पुराणमतवादी आणि त्याहून उजवीकडची इटलीची, वर्षातून एकदा एका टेबलावर बसतात आणि कोण कुठल्या मुद्द्यावर आपल्याबरोबर येईल हे त्यांना ब्रसेल्सला पोचायच्या आधी कळलेलं असतं. २०२० चं पत्र झटपट तयार झालं ते फोन नंबर आधीपासून होते म्हणून, असा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

---

ट्युलिपवाली:

हे पटलं. आमच्या काटकसरी चौघांचं पण काही कार्यालय नव्हतं. आणि त्यातला डेन्मार्क आता संरक्षणाच्या खर्चापायी काटकसर बाजूला ठेवा म्हणतोय, २०२५ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी तसं बोलूनच दाखवलं. गट म्हणजे काय, त्या त्या वर्षीचं हवामान.

---

सांजवारा:

फिनलंडवालीला लक्झेंबर्गचा मुद्दा ऐकवला, ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली की मग हा दक्षिणेचा विजय कसा, हा तर दक्षिणेबाहेरच्यांचा विजय. ग्रीकवाली म्हणाली पैसे तर आले ना. आता बघते इटालियन काय म्हणते, ती घरी आल्यावर न्यूट्री-स्कोअर काढणार आहे, देव माझं रक्षण करो.

---

खवट:

काढायच्या आधी एक दुरुस्ती घ्या, नाहीतर तोंडघशी पडाल. न्यूट्री-स्कोअरचं गणित नंतर बदललं, ऑलिव्ह तेल सी वरून बी वर गेलंय. इटलीचा राग मात्र आहे तिथेच आहे.